हौस आणि हुकूम

ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मिस्सानंतर ज्या सूचना वाचल्या गेल्या, त्यातली एक आपण सर्वांनी ऐकली असेल. दिवाळीच्या सुट्टीत महिला मंडळातर्फे मुलींसाठी सहा दिवसांचा वर्ग घेण्यात येणार आहे, त्यात केक व पाव भाजणे, शिवण-विणकाम, नाताळचे तारे तयार करणे आणि परसबाग शिकवली जाईल, इच्छुकांनी सॅक्रिस्टीत नावे द्यावीत. सूचना साधीच होती. पण बाहेर पडताना ग्रोटोजवळ दोन वाक्ये माझ्या कानावर पडली. नववी-दहावीतली एक मुलगी आईला विचारत होती, "मुलींसाठीच का गं? दादाला केक आवडत नाही का?" आणि मागे उभी असलेली एक वयस्क बाई कुणाकडेही न पाहता पुटपुटली, "आम्हाला नव्हते हो वर्ग. आम्ही सरळ चुलीतच पडलो."

आजूबाजूचे हसले. मीही हसले. घरी येऊन चहा ठेवला, तेव्हा लक्षात आले की ही दोन वाक्ये म्हणजे एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, आणि तो प्रश्न माझ्या स्वतःच्या घरात साठ वर्षांहून अधिक काळ पडून आहे. फादरांनी या पत्रकासाठी काहीतरी लिही म्हणून दोनदा सांगितले होते. तेव्हा म्हटले, हेच लिहावे.

वर्गासाठी हे दिवस निवडले, ते योग्यच झाले. पाऊस असतो तोवर आपल्या वसईत कशाला हात लावायची सोय नसते. पीठ दमट, साखर दमट, कापडाला बुरशी, अंगणात चिखल. परतीचा पाऊस गेला, की ऑक्टोबरचे ऊन पडते. त्या उन्हाला आपण नावे ठेवतो, पण घरकामाचा खरा हंगाम तोच. भात कापणीला येते. साष्टीत आणि मुंबईकडे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेराचा सण होतो, नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वाद घेतला जातो. वाडीत मेथी, मुळा, पालक टाकायचे हेच दिवस. मेथी तर महिन्याभरात खुडायला येते, त्यामुळे ज्यांनी कधी माती हातात घेतलेली नाही त्यांनी मेथीपासूनच सुरुवात करावी, निराशा व्हायला फारसा वाव नसतो. नोव्हेंबरच्या दोन तारखेला कबरींवर वाहायला घरचा झेंडू लागतो. आणि नाताळची तयारी, आपण कितीही म्हटले तरी, डिसेंबरात होत नसते. बांबूच्या कामट्या तासून, बांधून, पतंगाचा कागद चिकटवून केलेला तारा विकतच्या ताऱ्यापेक्षा वाकडा होतो, हे मान्य. पण त्याला आत्ताच हात घालावा लागतो.

आता पहिला प्रश्न. हे सगळे शिकायचे कशासाठी? आपल्यापैकी कुणीतरी हा विचारणारच, आणि तो प्रामाणिकपणे विचारला जावा.

बचत होते म्हणून, हे उत्तर मला पटत नाही. घरी पाव भाजून पाहिला आहे. मैदा, लोणी, अंडी, यीस्ट, ओव्हनची वीज आणि पहिल्या दोन खेपा फुकट गेल्या त्यांचा खर्च धरला, तर नाक्यावरच्या बेकरीतला पाव स्वस्त पडतो, आणि खरे सांगायचे तर चांगलाही असतो. तो बेकरीवाला रात्री दोनला उठतो, त्याचा हात बसलेला आहे. त्याच्याशी आपण स्पर्धा करू नये. भाजीचेही तसेच. गॅलरीतल्या टबात उगवलेल्या मेथीच्या एका जुडीला दुधासारखे जपावे लागते, आणि बाजारात ती ढिगाने मिळते. पैशाच्या हिशेबात घरकाम शिकणे हा तोट्याचाच व्यवहार आहे.

दुसरे उत्तर असे देतात, की मन रमते, ताण जातो. हे खरे आहे. पीठ मळताना डोक्यातली गिरणी थांबते, हे मी अनुभवले आहे. पण हे उत्तर ऐकले की मला ग्रोटोजवळची ती वयस्क बाई आठवते. तिने आयुष्यभर पीठ मळले. तिचे मन रमले का, हे तिला कुणी विचारले?

इथे मला माझ्या थोरल्या बहिणीबद्दल लिहावे लागेल. आम्ही तिला बाय म्हणतो. लिहायची परवानगी मी तिच्याकडून घेतली आहे. ती म्हणाली, "नाव नको घालूस, बाकी काय लिहायचे ते लिही. पत्रक माझ्या घरी पण येते."

बाय माझ्याहून चार वर्षांनी मोठी. १९६२ साली ती चौथी पास झाली आणि तिची शाळा संपली. आई आजारी असायची, घरात आम्ही पाच भावंडे, वाडी, दोन म्हशी. बाय अकरा वर्षांची होती. त्या ऑक्टोबरपासून ती सुकेळ्यांना बसली.

आज मोजकीच घरे सुकेळी करतात, म्हणून नव्या पिढीसाठी थोडे सांगते. राजेळी केळ्यांचा घड उतरवून पिकत घालायचा. पूर्ण पिकला की एकेक केळे सोलून उंच मांडवावर उन्हात मांडायचे. आठवडाभर, ऊन मंद असेल तर जास्त, रोज ती उलटी-पालटी करायची, माश्या, मुंग्या, कावळे राखायचे, आणि संध्याकाळी दव पडायच्या आत झाकून आत घ्यायची. वरून साखर नाही, काही नाही. केळे पिकताना त्यातल्या पिठाची साखर झालेली असते आणि ऊन त्यातले पाणी काढून घेते, एवढीच सगळी जादू. शेवटी मधाच्या रंगाचे, चिवट, गोड सुकेळे तयार होते, ते केळीच्याच सुक्या पानात बांधायचे. आगाशी, नंदाखालच्या बाजूची सुकेळी लांब लांब जात. पण एक दुपार जरी ढग आले आणि राखणारीचे लक्ष नसले, तर केलेले सगळे आंबून जाते. अकरा वर्षांच्या मुलीचे ऑक्टोबर ते पुढचा उन्हाळा असे हे दिवस असत.

मी दप्तर घेऊन त्या मांडवाखालून शाळेत जायची. पुढे मॅट्रिक झाले, डी.एड. केले, शिक्षिका झाले. डी.एड.ची फी सुकेळ्यांच्या पैशांतून भरली गेली. हे मला तेव्हाही ठाऊक होते. ठाऊक असणे आणि त्याचा विचार करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढेच.

मी निवृत्त झाले आणि मला हौस सुटली. आयुष्यभर मला धड पोळीही गोल लाटता आली नव्हती. नोकरीच्या काळात सासूबाईंनी चूल सांभाळली आणि नंतर कामाला बाई होती. आता वेळ होता. मी बायकडे गेले आणि म्हटले, "मला सगळे शिकव. फुगे, सुकेळी, गोधडी, सगळे." मला वाटले तिला आनंद होईल. तिने पदराला हात पुसले आणि म्हणाली, "शिकवीन. तुला हौस आहे. मला हुकूम होता."

मला वाईट वाटले. आणि वाईट वाटले की माणूस जे करतो तेच मी केले, उदारपणे बोलायला लागले. म्हटले, "बाय, तुझ्यावर फार अन्याय झाला. तुझे आयुष्य या मांडवाखाली फुकट गेले." यावर ती जी संतापली, तशी मी तिला कधी पाहिलेली नव्हती. "फुकट गेले? माझ्यासारखे सुकेळे या आळीत कुणी केले का सांग! बाबांच्या मालाला व्यापारी दारात यायचा तो कुणाच्या हातासाठी? तू माझ्या कामाला वाईट म्हणतेस?"

पुढचे बरेच महिने मी या दोन वाक्यांत अडकून होते. ती म्हणते हुकूम होता. आणि तीच म्हणते, माझ्या कामाला वाईट म्हणू नकोस. मला आधी वाटले हा तिचा गोंधळ आहे. नंतर कळले की गोंधळ माझा होता. मी काम आणि हुकूम एकाच गाठोड्यात बांधले होते. मुलीला शाळेतून काढले, तिला विचारले नाही, पैसा तिच्या हाती दिला नाही, हा अन्याय होता. पण केळ्याचा रंग पाहून आज उन्हात ठेवावे की झाकावे हे जिला कळते, तिचे ज्ञान हे ज्ञानच आहे. तिची कीव केली की त्या ज्ञानाचा अपमान होतो. तिची नुसती स्तुती केली की अन्यायावर पांघरूण पडते. आपण चर्चमध्ये मातृदिनाला दुसरी चूक करतो, आणि शिकलेल्या बायका एकत्र जमल्या की पहिली.

मार्था आणि मरियेची गोष्ट आपण दर वेळी ऐकतो आणि दर वेळी मार्थाला थोडे खालचे स्थान देऊन घरी जातो. स्वयंपाकघरात राबणारी बाई चिडली आणि प्रभूने तिला समजावले. मला ही गोष्ट शाळेत शिकवायला लागायची, तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली होती, "टीचर, मग त्या दिवशी जेवण कोणी वाढले?" मी तिला गप्प बसवले. आज तिची क्षमा मागावीशी वाटते. प्रभूने मार्थाच्या कामाला नावे ठेवलेली नाहीत. तिच्या चिंतेबद्दल तो बोलला. पण मार्थाची मूळ तक्रार कामाबद्दल नव्हतीच. मी एकटीच का, अशी ती तक्रार होती.

ही तक्रार आजही खोटी नाही. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभरातल्या लोकांचा दिवस कसा जातो याची पाहणी केली. घरातली बिनपगारी कामे करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात असे आढळले. पुरुष ९७ मिनिटे. आणि मुळात अशी कामे करणारे पुरुष शंभरात सव्वीस होते, स्त्रिया एक्याऐंशी. २०२४ मध्ये तीच पाहणी पुन्हा झाली, तेव्हाही दोघांतले अंतर फारसे मिटलेले नव्हते. ही २९९ मिनिटे केक भाजण्यात जात नाहीत, हे सांगायला नको.

ख्रिस्तसभेला हे दिसत नाही असे कुणी म्हणू नये. पोप जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये मानवी श्रमावर जे परिपत्रक काढले, त्यात खाणकामगार, शेतकरी, डॉक्टर-परिचारिका यांच्या कष्टांबरोबर घर सांभाळणाऱ्या स्त्रियांचे कष्ट मोजले आहेत, आणि या कष्टांची दखल समाज तर सोडाच, कधी कधी त्यांचे स्वतःचे कुटुंबही घेत नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. त्याच्याही फार आधी, सहाव्या शतकात, संत बेनेडिक्ट यांनी आपल्या मठासाठी नियम लिहिले. मला त्यातला पस्तिसावा अध्याय फार आवडतो. मठातल्या बंधूंनी आळीपाळीने, आठवड्या-आठवड्याने, स्वयंपाकघरात एकमेकांची सेवा करायची. आजारी असलेला किंवा मोठ्या जबाबदारीत गुंतलेला सोडला तर कुणाला सूट नाही. आणि आठवडा संपताना शनिवारी त्याने काय करायचे तेही लिहिले आहे. साफसफाई करायची, हातपाय पुसायचे पंचे धुवायचे, भांडी घेतली तशी स्वच्छ आणि धड परत करायची. त्याआधीच्या एका अध्यायात तर मठाच्या भांड्याकुंड्यांकडे वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखे पाहावे असे सांगितले आहे.

हे सर्व पुरुष होते, हे लक्षात घ्यावे. आणि त्यांचे नियम भाजण्या-शिजवण्यावर न थांबता धुण्यापुसण्यापर्यंत जातात.

मला वाटते आपल्या वर्गाची खरी परीक्षा इथे आहे. केक, क्रोशा, फुलझाडे ही घरकामाची गोड बाजू झाली. ती शिकवायला आणि शिकायला कुणीही तयार होईल, शेवटी फोटोही छान निघतो. पण केक भाजला की मागे चिकट भांडे राहते, अंड्याची टरफले राहतात, मैद्याचा ओटा राहतो. गोड भाग हौसेचा आणि चिकट भांडे हुकुमाचे, अशी वाटणी झाली तर आपण मुलांना कला शिकवली असे होणार नाही. भांडे कुणावर तरी टाकून कसे मोकळे व्हायचे, तेवढे मात्र ती शिकतील.

हौस आणि हुकूम यांतला फरक मी बराच काळ असा समजत होते, की हौशीचे काम मनापासून होते आणि हुकमाचे जबरदस्तीने. बायने तो समज खोटा ठरवला. तिचे काम हुकमाचे असूनही जीव ओतून केलेले होते. मग फरक कुठे राहिला? माझ्या मते तो एवढाच, की हौशीचे काम खाली ठेवता येते. मी कंटाळले की पीठ झाकून टीव्हीसमोर बसते. बायला अकराव्या वर्षी मांडव सोडून खेळायला जाता आले नसते. तेव्हा आपण एखाद्या कामाला आनंदाचे म्हणतो, तेव्हा आधी पाहावे की ते करणाऱ्याला थांबता येते का. आणि घर म्हटले की रोजची, न थांबणारी कामे असणारच. जेवण रोज लागते. म्हणजे सगळ्यांनाच केव्हा तरी थांबता यावे, तर सगळ्यांनाच ते काम यायला हवे. मला या वर्गाची गरज वाटते ती यासाठी. ज्या घरात चौघांना भात टाकता येतो, त्या घरात एकीला ताप आला तर ती निजू शकते. त्या नववीतल्या मुलीला तिच्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन, की दादाला केक आवडतो की नाही हा भाग वेगळा, तुला कधी तरी हात झटकून उठता यावे म्हणून दादाला शिकायला हवे.

शेवटी बायने मला शिकवायला घेतले. फुग्यांपासून. मी वही, पेन आणि वजनकाटा घेऊन गेले. मास्तरकीची सवय! तिने काटा बाजूला सारला. "मैदा किती?" "पातेल्यात बसेल एवढा." "नारळाचे दूध किती?" "पीठ सांगेल." मला तर पीठ काही सांगेना. पूर्वी फुग्यांचे पीठ सकाळच्या ताडीने फुगवत. ताडीत आपोआप वाढणारे किण्व तेच काम करते जे आज डबीतले यीस्ट करते. कोमट दुधात साखर खाऊन ते वायू सोडते, तो पिठाच्या ताणलेल्या जाळीत कोंडतो आणि पीठ वर येते. हे मी सातवीच्या वर्गाला फळ्यावर आकृती काढून शिकवले होते. पण बोट पिठात घालून ते आले आहे की नाही हे मला ओळखता येईना. अंडी घालून ते सैलसर पीठ ओल्या मुठीत घ्यायचे, अंगठा आणि तर्जनीच्या मधून दाबून गोळा वर काढायचा आणि तो अलगद तेलात सोडायचा. माझ्या पहिल्या पंचवीस फुग्यांना शेपट्या होत्या. बायच्या सुनेने त्यांना उंदीर म्हटले. नातवंडांनी ते उंदीर आवडीने खाल्ले.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने म्हटले आहे, की ज्या गोष्टी शिकून करायच्या असतात त्या आपण करूनच शिकतो, घर बांधून माणूस गवंडी होतो, आणि न्यायाची कृत्ये करून न्यायी. मी हे वाक्य वाचले होते. शेपटीवाले फुगे तळताना त्याचा दुसरा अर्धा भाग डोक्यात आला. न्यायाबद्दलही मी अशीच वही घेऊन बसले होते. बायवर अन्याय झाला हे बोलले, पण हाताने काय केले?

तेव्हा मी तिला विचारले, "माझ्याकडून तुला काय हवे?" मला वाटले ती काही नको म्हणेल. ती लगेच म्हणाली, जणू वाटच पाहत होती, "मला बँकेचे शिकव. पासबुकातले मला वाचता येत नाही. पोरगा सांगतो तेवढेच कळते." मराठी बायबल ती रोज वाचते. पण पासबुक इंग्रजीत. आमचा तह झाला. मंगळवारी ती मला शिकवते, शुक्रवारी मी तिला. जमा कुठे, नावे कुठे, तारीख कशी वाचायची, चलन कसे भरायचे. सत्तरी ओलांडलेल्या विद्यार्थिनीने माझ्यावर फार मेहनत करून घेतली. एकदा बँकेत तिच्या खात्याचा फॉर्म नव्याने भरायचा होता. व्यवसायाच्या रकान्यात मी सवयीने 'गृहिणी' लिहिले. तिने विचारले, "तुझ्या फॉर्मवर काय लिहितात?" म्हटले, "निवृत्त शिक्षिका." ती थोडा वेळ फॉर्मकडे पाहत राहिली. "निवृत्त," ती म्हणाली. "ते बरे आहे." मग सही केली, पूर्ण नाव, मोठ्या अक्षरांत.

मी हे सर्व फादरांना जाऊन सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि महिला मंडळाच्या अध्यक्षबाईंकडे पाठवले, आणि मंडळाच्या सभेत माझ्याशी बराच वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. एकीचे म्हणणे पडले की मुलगे आले तर धिंगाणा होईल. दुसरी म्हणाली, शिकवायला बाहेरून कोर्स केलेली बाई आणावी, प्रमाणपत्र देता येईल. मी म्हटले, आपल्या धर्मग्रामात पन्नास वर्षे हात बसलेल्या बाया आहेत, त्यांना शिकवू द्या, आणि फुकट नको. इथे सगळ्या गप्प झाल्या. चर्चच्या कामाचे पैसे कसे घ्यायचे? मला हा संकोच समजतो, आणि जिने स्वखुशीने सेवा द्यायची तिने जरूर द्यावी. पण बाहेरच्या कोर्सवाल्या बाईला आपण न मागता पाकीट दिले असते. घरच्या बाईचे ज्ञान मात्र घरचेच, म्हणून फुकटचे, हा विचार थेट त्या मांडवाखालून आलेला आहे. शेवटी वर्गाच्या फीमधून प्रत्येक शिकवणाऱ्या आजीला थोडे मानधन द्यायचे ठरले. दोघींनी ते मिशनच्या पेटीत टाकले. बायने बँकेत भरले, चलन स्वतः लिहून.

वर्गाचे पहिले तीन दिवस झाले. मुलींची नावे एकवीस, मुलग्यांची सहा. दुसऱ्या दिवशी त्या सहातले चार आले, दोघांना म्हणे क्रिकेटची मॅच होती. धिंगाणा थोडा झाला, तो मुलग्यांनीच केला असे म्हणता येणार नाही. गोधडीच्या टाक्यात सर्वांत सरळ हात एका आठवीतल्या मुलाचा निघाला. त्याच्या आजीचे जुने लाल चौकड्याचे लुगडे त्याने तुकडे करायला आणले होते, आणि ते कापताना बायांना भडभडून आले. मेथी पेरून झाली आहे, पाणी घालायची पाळी फळ्यावर लिहिली आहे. एक पाळी चुकलेली आहे, कुणाची ते फळ्यावर दिसते.

उरलेले तीन दिवस मृतांच्या स्मरणदिनानंतरच्या आठवड्यात होतील, सकाळी साडेनऊ वाजता, चर्चच्या हॉलमध्ये. त्यात फुगे, पाव आणि नाताळचा तारा आहे. सुकेळी या वर्षी जमणार नाहीत, राजेळीचा चांगला घड कुणाच्या वाडीत असल्यास मला किंवा सॅक्रिस्टीत कळवावे. नवी नावे अजून घेतली जातील, मुलग्यांचीही, आणि वडील मंडळींनाही मज्जाव नाही. येताना प्रत्येकाने एक पातेले आणावे, आणि ते घासायला काथ्याही आणावा.